ॲक्टिव्हिटी विचारू नका

दहा मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका दाण्याहूनही कमी माल. तो मानवी मेम्ब्रेन प्रोटीनचा असेल, तर आपल्याकडच्या प्रयोगशाळा त्याला सहज चाळीस हजार रुपये मोजतात. ग्रॅमवर हिशेब मांडला तर चारशे कोटी. सोन्याच्या भावाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा आमच्या मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये डोकावून जावं. भावाबद्दल माझी तक्रार नाही. प्रोटीन बनवणं कष्टाचं काम आहे आणि कष्टाला दाम पडायलाच हवेत. तक्रार अशी, की एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू कित्येकदा ती वस्तूच नसते. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तिच्या जोरावर लिहिलेला पेपर तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिघंही गप्प बसतात, कारण गप्प बसण्यात तिघांचीही सोय आहे.

डेटाशीटवर काय छापलेलं असतं ते आधी बघू. मानवी. रिकॉम्बिनंट. फुल लेंग्थ. गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, पेशीविना तयार केलेलं. एन-टोकाला जीएसटी टॅग. एलायझा, वेस्टर्न ब्लॉट आणि अँटिबॉडी बनवण्यासाठी योग्य. यातला शब्द न् शब्द खरा आहे, वकिलाला दाखवून छापल्यासारखा खरा. आणि तरीही ही सगळी खरी विधानं एकत्र वाचून ग्राहकाच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते साफ खोटं असतं.

‘मानवी’ या शब्दापासूनच बघा. जीन मानवी, कबूल. पण जीएसटी टॅग हे शिस्टोसोमा जापोनिकम नावाच्या, माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या परजीवी कृमीचं एन्झाइम आहे. वजन २६ किलोडाल्टन. (कराच्या जीएसटीशी याचा संबंध नाही, पण दोन्ही न मागता पदरात पडतात.) पुष्कळशी छोटी मेम्ब्रेन प्रोटीन्स वीस किलोडाल्टनच्या आसपास असतात. म्हणजे मानवी म्हणून विकत घेतलेल्या बाटलीत निम्म्याहून जास्त ऐवज कृमीचा. अशा बाटलीशी काहीतरी ‘चिकटलं’ म्हणून आनंदानं उड्या मारणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिला प्रश्न विचारते : नुसत्या जीएसटीला चिकटतं का, ते बघितलंस? चेहरा उतरतो. कंट्रोलसाठी वेगळी बाटली मागवायची असते, आणि तेवढ्यासाठी कुणी पुन्हा खरेदीचं इंडेंट भरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मेम्ब्रेन, म्हणजे पेशीपटल, ही नुसती पिशवी नव्हे. त्याच्या मधला तेलकट थर जेमतेम तीन नॅनोमीटर जाडीचा, आणि मेम्ब्रेन प्रोटीन त्यात आरपार रुतलेलं असतं. एकदा आरपार जायला वीसेक अमिनो आम्लांचा पीळ लागतो. बाजारातल्या साधारण एक तृतीयांश औषधांचं लक्ष्य असलेले जीपीसीआर रिसेप्टर असे सात वेळा आत-बाहेर करतात. चरबीत बुडालेल्या या पिळांच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचं वावडं असतं. पटल काढून घेऊन प्रोटीन नुसत्या बफरमध्ये सोडलं, की ही अंगं एकमेकांना चिकटतात, गोळा होतो आणि तळाशी बसतो. विहिरीवरचा रहाट उचलून हायवेवरच्या हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवतात, तशातली गत. फरक इतकाच, की त्या रहाटाचं लाकूड तरी शाबूत असतं.

याला उपाय आहेत. डीडीएमसारखे सौम्य डिटर्जंट आहेत, लायपोसोम आहेत, स्टीफन स्लिगार यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या नॅनोडिस्क आहेत. पण कुठलं प्रोटीन कशात तग धरेल हे आधी सांगता येत नाही, चाळत बसावं लागतं, आणि चाळून निघालेलं उत्तरही शेजारच्या प्रोटीनला लागू पडत नाही. भोवतालचे लिपिड म्हणजे निव्वळ भराव, असंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटानं सेरोटोनिन १ए रिसेप्टरवर जे काम केलं, ते प्रत्येक खरेदी समितीच्या सदस्याला सक्तीनं वाचायला द्यावं. पटलातलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं की रिसेप्टरची लिगँड, म्हणजे त्याला जुळणारा रेणू, धरण्याची क्षमता घटते. रिसेप्टर तोच, जागा तीच, पटलही तेच, फक्त कोलेस्टेरॉल गेलं तर ही कथा. आणि आपण पटलच नसलेला माल कुरियरनं मागवून त्यावर औषधं ‘स्क्रीन’ करतो.

बाटलीत काही आहे याचा पुरावा म्हणून विक्रेता काय देतो? जेलचा फोटो. निळ्या कूमासीत रंगलेली, योग्य उंचीवर बसलेली एक सुबक पट्टी. हा फोटो बघून भलेभले विरघळतात. अहो, त्या जेलमध्ये एसडीएस घालतात ते प्रोटीनची घडी मोडण्यासाठीच! घडी मोडून, पीळ उलगडून, विजेच्या जोरावर पळवलेल्या साखळीचा तो फोटो आहे. त्यातून वजनाचा अंदाज कळतो, बाकी काही नाही. मेम्ब्रेन प्रोटीन्स तर एसडीएस कमी-जास्त उचलतात, त्यामुळे तो अंदाजही हुकतो. मेलेल्या प्रोटीनची पट्टीही तितकीच सुबक येते.

दुसरा पुरावा अँटिबॉडीचा, आणि इथे खरी गंमत आहे. ही अँटिबॉडी कशाविरुद्ध तयार केली? याच बाटलीतल्या प्रोटीनविरुद्ध. ती बरोबर ओळखते हे कशावर तपासलं? याच बाटलीतल्या प्रोटीनवर. आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार एकाच घरातले, आणि न्यायाधीश म्हणून त्याच घरचा कॅटलॉग. पेशीतल्या खऱ्या, घडी घातलेल्या, साखरेच्या साखळ्या लागलेल्या, पटलात बसलेल्या प्रोटीनला ती ओळखते का, हा प्रश्न या घरात कुणी विचारतच नाही. बाहेरच्यांनी विचारला तेव्हा काय निघालं? २००९ मध्ये नौनिन-श्मीडेबर्ग्स आर्काइव्ह्ज या औषधशास्त्राच्या जुन्या जर्मन नियतकालिकानं जीपीसीआरच्या अँटिबॉडींवर एक अंक काढला. मार्टिन मिशेल आणि सहकाऱ्यांनी त्यात हिशेब मांडला : १९ प्रकारच्या रिसेप्टरांविरुद्धच्या तब्बल ४९ अँटिबॉडी निवडक नव्हत्या. ज्या उंदरातून तो जीनच काढून टाकला आहे त्याच्या ऊतीतही पट्टी दिसते, ही असली अँटिबॉडी. या गोष्टीला पंधरा वर्षं उलटून गेली. कॅटलॉग तेवढे जाड झाले.

माझ्यावर उलट प्रश्न येणार, त्यांतले दोन रास्त आहेत. पहिला : सगळी मेम्ब्रेन प्रोटीन्स एका माळेत का ओवता? नाही ओवत. जी प्रोटीन्स पटल एकदाच ओलांडतात आणि ज्यांचं मुख्य काम पेशीबाहेरच्या भागात चालतं, उदाहरणार्थ एसीई२ किंवा पीडी-एल१, त्यांचा बाहेरचा भाग तेवढा एचईके२९३ सारख्या मानवी पेशींत बनवून विकतात. तो पाण्यात सुखानं राहतो, त्याचं जोडीदाराशी बंधन मोजता येतं आणि सचोटीचे विक्रेते तो आलेख डेटाशीटवर छापतात. करोनाच्या काळात एसीई२च्या अशा तुकड्यानं जगभर मोलाचं काम केलं. त्या मालावर ‘फुल लेंग्थ’ लिहिलेलं नसतं; कुठल्या अमिनो आम्लापासून कुठल्यापर्यंत, ते स्पष्ट असतं. हे सरळ व्यवहार झाले.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार आहे. ज्या प्रोटीनचं कामच माहीत नाही, त्याची ॲक्टिव्हिटी कशी तपासणार? माणसाच्या जीनोममध्ये टीएमईएम नावाची एक लांबलचक रांग आहे. संगणकानं क्रम बघून ‘हे पटलातून जात असावं’ एवढं सांगितलं आणि आकडा चिकटवला. रेशनच्या रांगेतल्या टोकन नंबराइतकीच ओळख. कॅटलॉगमध्ये ही प्रोटीन्स ढिगानं सापडतात. ठीक आहे, काम माहीत नाही. पण ते एकजीव, एकाच आकाराचं आहे की गोळा झालेलं, हे तर साइझ एक्सक्लूजनच्या कॉलममधून सोडल्यावर लगेच दिसतं. फ्लुरोसन्स वापरून थोडक्या मालात हे कसं करायचं ते कावाते आणि गूओ यांनी २००६ मध्येच दाखवून ठेवलं आहे. कॉलम दुपारभरात धावतो. तो आलेख डेटाशीटवर का नसतो? मला वाटतं, तो काढलेला नसतो म्हणून नव्हे, काढला तर छापण्यासारखा नसतो म्हणून. आणि या टीएमईएमना त्यांचं काम कसं सापडलं तेही सांगते. टीएमईएम१६ए म्हणजे कॅल्शियमवर चालणारी क्लोराइडची वाट, हे २००८ मध्ये तीन गटांनी वेगवेगळं दाखवलं, आणि ते पेशींतला विद्युतप्रवाह मोजून. कुणीही बाटली उघडून दाखवलं नाही.

पुरावा म्हणजे काय ते बघायचं असेल तर पीटर आग्रे यांच्याकडे बघा. बाल्टिमोरला आरएच रक्तगटाच्या प्रोटीनमागे लागलेले असताना त्यांच्या हाती २८ किलोडाल्टनचं एक अनाहूत प्रोटीन लागलं. ते कॅटलॉगमध्ये टाकून विकता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी आणि ग्रेगरी प्रेस्टन यांनी त्याचा आरएनए झेनोपस बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि अंडी पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी होती तशी राहिली. टोचलेली फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाऱ्याचं संयुग घातलं की पाण्याची धाव मंदावली. तेच प्रोटीन तांबड्या पेशींतून शुद्ध करून लायपोसोममध्ये बसवलं, तिथेही पाणी धावलं. १९९२ चं हे काम, २००३ चं नोबेल. बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरचा जीन १९८६ मध्ये हाती आला. ब्रायन कोबिल्का त्या कामात होते. तो रिसेप्टर जागेवर धरून त्याची रचना दिसायला २००७ उजाडलं, आणि तेही त्याचा एक लोंबता फास कापून तिथे टी४ लायसोझाइम बसवल्यावर. एकवीस वर्षं. आमचा वितरक म्हणतो, ‘मॅडम, स्टॉकमध्ये आहे, दोन आठवड्यांत येईल.’

काम तपासण्यावर एवढा हट्ट कशासाठी, असं वाटणाऱ्यांसाठी जेफ्री चँग यांचं प्रकरण आहे. एमएसबीए हे जिवाणूचं मेम्ब्रेन प्रोटीन. कर्करोगाच्या पेशी ज्या पी-ग्लायकोप्रोटीनच्या जोरावर औषध बाहेर फेकतात, त्याच्या नात्यातलं, म्हणून महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्समध्ये चँग यांनी त्याची स्फटिकरचना काढली, २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ती झळकली, पाठोपाठ आणखी रचना आल्या. दरम्यान काही बायोकेमिस्ट साध्या, कष्टाच्या प्रयोगांतून सांगत होते की एमएसबीएचं वागणं या रचनेशी जुळत नाही. त्यांना पेपर छापताना आणि अनुदान मिळवताना त्रास झाला. सायन्समध्ये छापलेल्या चित्रापुढे तुमच्या मापनाची काय किंमत! २००६ च्या सप्टेंबरात झुरिकच्या डॉसन आणि लोखर यांनी एसएव्ही१८६६ या नात्यातल्याच प्रोटीनची रचना प्रसिद्ध केली, आणि चँग यांचं चित्र उलटं असल्याचं उघड झालं. त्यांच्या प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये आकड्यांचे दोन रकाने अदलाबदल झाले होते; त्यामुळे उजवं डावं झालं. पाच पेपर मागे घेतले गेले. चँग यांनी ते जाहीरपणे मान्य केलं, त्यात लबाडी नव्हती. मला त्यांना झोडपायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की जगातल्या सर्वांत कडक परीक्षकांच्या नजरेतून जे सुटलं, ते प्रोटीनच्या कामावर बोट ठेवणाऱ्यांना खटकत होतं. काम तपासणं हा चोखंदळांचा लाड नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. बाटली घेताना आपल्याकडे काय विचारतात? तीन कोटेशन आहेत का. एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त, कोण. एकाच कंपनीचा माल असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट आहे का. कॅटलॉग नंबर बरोबर आहे का. बिल मार्चच्या आत लागेल का. प्रोटीन जिवंत आहे का, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. टेबलखुर्च्यांसाठी केलेला फॉर्म रिसेप्टरला लावला की असंच व्हायचं. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांना सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेर खरेदीची मोकळीक दिली, त्याबद्दल पेढे वाटून झाले. नियम सैल झाला, हाताची सवय तीच आहे.

सरकारनं आपल्या परीनं हातभार लावलाच. सार्वजनिक संशोधन संस्थांना मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेतली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के केलं. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतलं, पण तेवढ्यात निम्म्या देशाच्या ऑर्डरी खोळंबल्या. विमानतळावर अडकलेल्या खोक्यातला ड्राय आइस कुणाच्या फायलीची वाट बघत थांबत नाही. खोकं येतं तेव्हा बर्फ उडून गेलेला असतो, बाटली कोमट असते, आणि स्टोअरचा शिक्का मात्र ‘चांगल्या स्थितीत प्राप्त’ असा पडतो. नीट हाताळा, पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, अशी डेटाशीटवरची सूचना तेव्हा वाचायला छान वाटते.

विक्री प्रतिनिधीला मी विचारलं, या लॉटची ॲक्टिव्हिटी किती? तरुण, सभ्य मुलगा. बिचाऱ्याला टार्गेट असतं.

‘मॅडम, एलायझाला चालतं.’

‘एलायझाला उकडलेलं अंडंही चालेल. हे लिगँड धरतं का?’

‘मॅडम, ते कस्टमर व्हॅलिडेट करतात. बाकीचे सर ॲक्टिव्हिटी विचारत नाहीत.’

त्याच्यावर मी चिडले नाही. शंभर टक्के खरं बोलला. बाकीचे सर विचारत नाहीत. त्यांना आकृती क्रमांक तीनमध्ये एक पट्टी हवी असते, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून. ती मिळते. परीक्षकाला मटेरियल्स ॲण्ड मेथड्समध्ये कॅटलॉग नंबर हवा असतो. तोही मिळतो. पीएचडीला नियतकालिकातला पेपर हवा असतो. मिळतो. यात रिसेप्टर कुणालाच नको असतो.

आपल्याला हे जमत नाही म्हणून आयात करतो, असा एक सूर नेहमी लावला जातो. आयआयटी कानपूरमध्ये अरुणकुमार शुक्ल यांची प्रयोगशाळा जीपीसीआर बनवते आणि त्यांची रचना काढते. जगातल्या आघाडीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. आणि आम्हा पुणेकरांना तर हा सूर लावायचा हक्कच नाही. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळालेली कोव्होवॅक्स ही सीरम इन्स्टिट्यूटची लस काय होती? करोनाच्या स्पाइकचं पूर्ण लांबीचं प्रोटीन, पटलात रुतणाऱ्या शेपटीसकट. विषाणूचं असलं तरी जातीनं मेम्ब्रेन प्रोटीनच. ते एसएफ९ पेशींत बनतं, आणि एसएफ९ म्हणजे आपल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला २०१८ पासून रडवणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोशातल्या अंडाशयाच्या पेशी. पटल सुटल्यावर ते गोळा होऊ नये म्हणून पॉलिसॉर्बेटच्या कणाभोवती त्याला नीट बसवलेलं. एका डोसात पाच मायक्रोग्रॅम. म्हणजे आमच्या चाळीस हजारांच्या बाटलीत जेवढा माल असतो, त्यात दोन डोस झाले असते. आणि त्या डोसातला माल काम करतो की नाही, हे माणसांवर तपासूनच परवानगी मिळाली. ज्या शहरात मेम्ब्रेन प्रोटीन किलकिल्या डोळ्यांनी पारखून कारखान्यात बनलं, त्याच शहरातली प्रयोगशाळा दहा मायक्रोग्रॅमचा मुडदा परदेशातून, बर्फात घालून, शुल्क भरून आणते. दोन-चार संस्थांनी मिळून कीटकपेशींची एक सामायिक सोय उभी केली आणि तिथे दोन पगारी तंत्रज्ञ नेमले, तर खर्च बाटल्यांच्या वार्षिक बिलापेक्षा फार जास्त होऊ नये. पण तंत्रज्ञाचा पगार हा ‘आवर्ती खर्च’, त्याला मंजुरी नाही. बाटली ‘उपभोग्य वस्तू’, तिला आहे.

यंदाच्या इंडेंटमध्ये मी एक अट जादा घातली : त्याच लॉटचा लिगँड बंधनाचा किंवा साइझ एक्सक्लूजनचा आलेख जोडावा, नसल्यास ‘तपासलेले नाही’ असं स्पष्ट लिहावं. तीन कोटेशन आली. दोघांनी रकाना कोरा सोडला. तिसऱ्यानं प्रामाणिकपणे ‘तपासलेले नाही’ लिहिलं, आणि तोच सर्वांत महाग निघाला. समितीनं नियमाप्रमाणे कोऱ्या रकान्यांतल्या स्वस्ताला ऑर्डर द्यायची शिफारस केली. फाइलवर माझी सही हवी आहे, ती मी केलेली नाही. लेखा विभागाचं स्मरणपत्र आलं आहे : ३१ मार्चच्या आत खर्च न झाल्यास निधी परत जाईल. जाऊ दे.